खिडकीतला गिलास
चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी प्याल्यातल्या रसासाठी मनुका उकळायला ठेवल्या, की त्या गोडसर वासानं मला परभणीतल्या आमच्या कॉलेजच्या मेसची खिडकी आठवते. नामांतराचे दिवस होते, खेड्यांतून रोज जाळपोळीच्या बातम्या यायच्या. मेसमध्ये सगळ्यांचे गिलास माठाशेजारी पालथे असायचे. एके दिवशी माझ्या वर्गातल्या, सोनपेठकडच्या बौद्ध मित्राचा गिलास कुणीतरी तिथून उचलून खिडकीत ठेवला. तेव्हापासून मित्र तो गिलास पुढं करायचा आणि मेसवाला वरून पाणी ओतायचा. बाकीचे जेवत राहिले. मीही खाली मान घालून भाकरी मोडत राहिलो. मग रविवारी चर्चमध्ये नेहमीसारखा प्रभुभोजनाचा एकच प्याला ओळीनं सगळ्यांच्या ओठांना लागत आला, आधी चर्चची झाडलोट करणाऱ्या म्हातारीच्या, मग माझ्या, आणि तो घोट घेताना मला खिडकीतला गिलास आठवला. त्याच दुपारी मी खिडकीतला गिलास उचलला, माठात बुडवला आणि सगळ्यांदेखत तोंड लावून प्यायलो. मेसवाला ओरडला, "माठ बाटवलास! आता तुझाबी गिलास तिथंच ठेव." मी म्हणालो, "ठेवतो." खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती. वाटलं, मित्र आता मिठी मारील. त्यानं नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "आठ दिस झाले. आज तहान लागली व्हय तुला?" आता चर्चमध्ये प्याला हाती आला, की मला आधी ते आठ दिवस आठवतात.