साहेबाच्या जुन्या काठ्या

“ह्या काठ्या घेऊन काय करणार रे? बापासारखी गुरं हाकणार?”

साहेब असं म्हणाला आणि कारखान्याच्या गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यातले सगळे हसले.

मीही हसलो.

बाप पायरीखाली उभा होता. अनवाणी. चपला त्याने स्वतःच लांब काढून ठेवल्या होत्या. एका हातात गुरांमागची काठी, दुसऱ्यात तुपाचा डबा. त्याने सगळं ऐकलं. डबा पायरीवर ठेवला आणि जाऊन माझ्या मोटारसायकलजवळ उभा राहिला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मी बोलणारा माणूस नव्हे. पण गिळून गिळून आता घसा भरलाय.

महाडच्या एमआयडीसीत मी सुपरवायझर. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. एसटी फाट्यावर सोडते, पुढे चढण. वाडीतून कारखान्यात कायम झालेला पहिला माणूस मी. म्हणून वाडीत मला मान. आणि म्हणूनच तूप माझ्या हातून जायचं. घराघरातून डबे मी गोळा करायचो. कुणाच्या पोराला कंत्राटात लावायचं असायचं, कुणाचं कंत्राट टिकवायचं असायचं. साहेब तूप ठेवून घ्यायचा. कधी काम व्हायचं, कधी नाही. डबा मात्र दर महिन्याला.

गेस्ट हाऊसमागे साहेब लोकांनी गोल्फचं छोटं मैदान केलं होतं. रविवारी सकाळी खेळ. कुणाला कुठली पाळी, कुणाला केबिन, ते तिथेच ठरायचं. सोमवारी आम्हाला फक्त कळायचं. कुंपणाबाहेरून बघत बघत माझे केस पिकले. वाटायचं, एकदा त्या काठ्या हातात आल्या की मला आत घेतील. साहेबाने नवा सेट आणला, जुना विकायला काढला, तेव्हा मीच पुढे झालो. साहेब माझ्यापेक्षा वयाने लहान. मला अरे-तुरे करायचा. मी अहो-जाहो.

बाजारात पाडी घेताना बाप तिचे दात बघतो, चालवून बघतो, मग बोलतो. मी पिशवीची चेनसुद्धा उघडली नाही. साहेब म्हणाला तो भाव. वर “थँक्यू साहेब”.

पिशवी मांडीवर आडवी घेऊन बाप गाडीवर मागे बसला. पोलादपूरला चहाला थांबलो.

“तू पन हसलास,” बाप म्हणाला.

“तसं नाय आबा, साहेब गमतीत बोलला.”

“मी कुठे काय म्हणतोय. हसलास, येवढाच.”

चहा त्याने तसाच ठेवला.

घरी पिशवी उघडली तर निम्म्या काठ्यांच्या मुठी फाटलेल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर बाप अंगणात बसून त्यांना सुतळी गुंडाळतोय. कोयत्याच्या मुठीला गुंडाळतो तशी, घट्ट.

आईने एक काठी उचलून बघितली. “ह्या कसल्या रे? ढोराला मारशील तर हाड मोडंल.”

“खेळायच्या आहेत गो आये.”

“डोक्याचा कापूस झाला नि आता खेळतोयस?”

पण दसऱ्याला तिने कोयता, कुऱ्हाड, विळ्याच्या ओळीत त्याही मांडल्या. हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. घरात आलेलं हत्यार ते हत्यार. आमच्यात पुजलेल्या हत्याराला पाय लागला तर उचलून कपाळाला लावतात. त्याचा कुणी विचार करत नाही, हात आपोआप जातो.

पुढच्या रविवारी मी मैदानावर गेलो. कुंपणाच्या आत.

“आलास? बरं झालं. आधी माझी बॅग उचल. खेळ बघून शिकायचा असतो.”

उचलली. एका खांद्यावर साहेबाचा नवा सेट, दुसऱ्यावर साहेबाचाच जुना. सकाळभर मागे मागे फिरलो. एकही चेंडू मारला नाही. चेंडू करवंदीत गेला की मी आत शिरायचो. हात ओरबाडून निघाले.

शेवटी साहेबाने माझ्या पिशवीतली एक काठी ओढली. लोखंडावर कुंकू होतं.

“हे काय? जत्रेला नेली होतीस काय? आणि ही सुतळी! बापाने बांधली?”

त्याने ती गवतावर टाकली. बुटाने माझ्याकडे ढकलली.

“पुसून आण पुढच्या वेळी.”

मी वाकलो. काठी उचलली. हात कपाळाला गेला.

सगळे हसले. व्हरांड्यातलं तेच हसणं. माझंही तोंड सवयीने उघडलं.

हसू आलं नाही.

“साहेब, हिला पाय लावायचा नाही.”

“काय?”

“आईने पुजलेली आहे. सुतळी बापानेच बांधली. गुरंही हाकतो तो. त्याच गुरांचं तूप तुम्ही खाता.”

कुणी हसलं नाही. साहेबाची बॅग मी खांद्यावरून उतरवली. फेकली नाही, ठेवली. माझी पिशवी घेतली आणि पुढच्या फाटकातून बाहेर पडलो.

सोमवारी माझी बदली सांडपाण्याच्या प्लांटवर. तिथला वास आंघोळीनेही जात नाही.

बाप गुरं सोडत होता तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्याने शेवटची गाय सोडली, दावं खांद्यावर टाकलं.

“मी पायरीशी उभा होतो, तवा बोलायचा होतास.”

आणि गुरांमागे निघून गेला.

बरोबर आहे त्याचं. ती पायरी मला परत मिळणार नाही. मी माफी मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागू?

मग ज्या ज्या दारातून डबे उचलले, त्या त्या दारात गेलो. सांगितलं, तूप आता जायचं नाही. पोरांच्या कामाचं मी बोलेन. कारखान्याच्या गेटवर, सगळ्यांसमोर.

खालच्या घरातली काकी चुलीपुढून उठली. तिचा पोरगा कंत्राटात आहे.

“नि त्याचा काम गेला तर?”

“तर मी त्याच्याबरोबर गेटसमोर बसेन.”

“बसशील, का हसशील?”

बापाने तिला सांगितलं असणार. मी मान खाली घातली नाही.

“बसेन, काकी.”

काठ्या गोठ्यात कोयत्याशेजारी टांगल्यात. विकणार नाही. खेळणार नाही.

परवा साहेबाचा शिपाई सांडपाण्याच्या टाकीपर्यंत आला. नाकाला रुमाल लावून.

“साहेब विचारतात, ह्या महिन्यात तूप नाय आला?”

कारखान्यात मी कधी वाडीची भाषा बोललो नव्हतो.

“नाय येनार,” मी म्हटलं.

“साहेबांना काय सांगू?”

“ह्याच. असाच सांग.”