दोन अर्थ निघालेलं गाणं

…तर स्पीकरवरून उतरवलेलं लिंबू नानासोनं चौकात नेऊन टाकलं, आणि काल नेमके तिथंच तुम्ही उठून गेलात. लिंबानं काय होतंय! भुणभुण होती तशीच होती.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. नानासो म्हणजे आमचा भोंगेवाला. रहिमतपूरच्या अल्याड आमचं गाव. लग्न असो, मयत असो, जीपच्या टपावर भोंगा बांधून बॅटरीवर ओरडत फिरणं हा त्याचा धंदा. एक दिवस याच्या मनानं घेतलं, आपण रेकॉर्डिंगवाला व्हायचं. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, कॉम्प्युटर मांडला, सांगलीच्या मधूशेठच्या दुकानातनं दोन काळे स्टुडिओ स्पीकर आणले. पहिलंच काम विजयमालेचं गाणं. ते यात्रेत वाजलं तर हा रेकॉर्डिंगवाला, नाही वाजलं तर मरेपर्यंत भोंगेवाला, असं आम्ही त्याला तोंडावर सांगून टाकलं होतं.

विजयमाला फौजेतल्या जयराजची बायको. गळा असा, की बैलसुद्धा वैरण चघळायचे थांबतील. शेतीची लाईट येते रात्री, म्हणून ही बाई एकटी कंदील आणि खोरं घेऊन उसाला पाणी पाजायला जायची. माती ओढून एका सरीचं पाणी दुसऱ्या सरीत वळवायचं, त्याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. तिथंच तिला गाणं सुचलं:

धनी माझं सरहद्दीला, रातीचं गं पाणी आलं,
सरी माझी कोरडी गं, कोण येऊन दारं धरल?

गाणं झकास झालं. पण कॉम्प्युटरची वायर स्पीकरला जोडली की घूंऽऽऽ! बाटलीत गांधीलमाशी कोंडल्यासारखं. वायर उपसली की गप्प. नानासोनं वायर बदलली, साउंडकार्ड बदललं, पंखा बंद केला, ट्यूब विझवली, सगळ्यांचे मोबाईल बाहेर ओट्यावर ठेवायला लावले. घूं काही जाईना. संध्याकाळी आम्हाला दुसरं काम नव्हतं, आम्ही बघायला जायचो.

"नाना, भुंगा पाळलाईस व्हय रं?"

"अंडी घातली तर आमास्नीबी दे गड्या एक."

तो घाम पुसायचा आणि परत टेबलाखाली शिरायचा. त्याचं ढुंगण तेवढं बाहेर दिसायचं, आणि आम्ही त्या ढुंगणाशीच गप्पा मारायचो. काय मजा यायची!

शेवटी त्यानं मधूशेठला फोन लावला. गिरणी भरलेली. यात्रा कमिटीचा मानसिंग खुर्चीवर, विजयमाला दाराशी उभी. नानासोनं गाणं सुरू केलं आणि मोबाईल स्पीकरपाशी धरला. "ऐकताय न्हवं शेठ? काय घोटाळा हाय?"

मधूशेठचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "ऐकलं, ऐकलं. अरे, दोन अर्थ होतायत तिथं. सगळं एकाच अर्थावर घे, लगेच साफ होईल." आणि गिऱ्हाईक आलं म्हणून त्यानं फोन ठेवला.

आता, बॅटरीवर भोंगा चालवणाऱ्याला जमिनीत पुरलेल्या वायरीचं काय घेणं? आमच्यात फार तर अर्थिंग म्हणतात. अर्थ म्हटलं की आम्हाला शाळेतला आठवतो, संदर्भासह स्पष्ट करा, तो. नानासो कानकोंडा झाला. खाली बघत म्हणाला, "वैनी, शेठ म्हणत्यात, गाण्यात दोन अर्थ निघत्यात. तेवढी वळ बदलता का?"

"मी पाण्याचं गायलंय, भावजी. दुसरा अर्थ कुठला, तुमीच सांगा."

नानासो परत टेबलाखाली शिरला. मानसिंगनं मात्र मिशीवरनं हात फिरवला. "नवरा सरहद्दीला, येळ रातीची, आन् ही म्हणतीया दारं कोण धरल… निघतोय की रं! चांगला हातभर निघतोय!"

गिरणी अशी हसली, की भिंतीवरची एक गादी सुटून खाली आली. मी तर पोट धरून ओट्यावर बसलो. विजयमाला पदर सावरून निघून गेली.

नानासोनं कॉम्प्युटरवर ती ओळ कापली. घूं चालूच. मग त्यानं मधूशेठला परत विचारलं, तर शेठ फोनवर बोंबललाच. "गाणं कशाला कापलंस, गाढवा? अर्थ म्हणजे जमिनीतली वायर!" गिरणीचं जुनं अर्थिंग वेगळं, नव्या मीटरचं वेगळं. स्पीकर जुन्या बोर्डावर, कॉम्प्युटर नव्यावर. दोन्ही पिना नव्या बोर्डाला लावल्या, आणि भुणभुण अशी गेली, की मुंगीचं पाऊल ऐकू यावं.

नानासोनं कापलेली ओळ परत जोडली आणि धावत मानसिंगकडं गेला. मानसिंग म्हणाला, "आता? बायकापोरांत लावू व्हय ते?" तवर गाव पुढं गेलं होतं. रात्री बाई खोरं घेऊन निघाली, की पारावरनं आवाज यायचा, "विजयमाला, दारं धराया येऊ का?" पाण्याच्या चार पाळ्या ती दात आवळून गेली. मग घरच्यांनीच तिचं रानात जाणं तोडलं. पाणी आता दीर पाजतो, म्हणजे सोडून देऊन झोपतो. निम्मा ऊस पिवळा पडलाय. ती गात नाही. यात्रेत डीजे वाजला, साताऱ्याचा.

परवा मी सहज गिरणीत डोकावलो. नानासो कानाला हेडफोन लावून एकटाच बसला होता. मी म्हटलं, "लाव की रं नाना ते गाणं एकदा. आता तर तुझी मशीन साफ झाली. खरा अर्थ आमालाबी ऐकू दे."

त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. म्हणाला, "न्हाई लावत, आबा. रोज ऐकतोय मी. पर आता मलाबी दुसराच ऐकू येतुया."