गंजी आहे तोवर

मामेभाऊ प्रशांतचा फोन आला तेव्हा मी शहरात, सदरला चष्म्याच्या दुकानात काच बदलून घेत होतो. "दादा, बाबा गेले," एवढंच म्हणाला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. काटोल रोडवरच्या त्यांच्या गावात शोकसभाही झाली. एका वक्त्याने मामांना 'प्रगतिशील शेतकरी' म्हटलं... मामा असते तर उठून गेले असते. त्यांच्या वावरात प्रगती आली ती मुलाच्या मागून, आणि मामांनी तिला कधी बस म्हटलं नाही.

गवताचंच बघा. माझ्या लहानपणी दसरा झाला की धुऱ्याबांधावरचं, पडीतातलं गवत विळ्याने कापायचं, पसरून वाळवायचं, उलटायचं, पेंढ्या बांधायच्या. सगळे मिळून, आज मामांकडे, उद्या शेजाऱ्याकडे. शेवटी पेंढ्यांची उंच गंजी. खालून लोक पेंढ्या फेकत आणि मामा वर गोल गोल फिरत तुडवत, शिव्या देत. पाणी निथळेल असा उतार जमेपर्यंत खाली उतरत नसत. पुढे माणसं मिळेनात, कापणीला मशीन आलं, नांगरटीला ट्रॅक्टर. बैलजोडीला काम उरलं ते पोळ्यात मिरवण्याचं. मग प्रशांत बैल विकायचं म्हणू लागला.

गेल्या दिवाळीनंतर त्याने गठ्ठे बांधणारं मशीन भाड्याने आणलं. दुपारभरात सगळं गवत चौकोनी होऊन शेडमध्ये लागलं. दुसऱ्या दिवशी मी पोचलो, तर मामा एकेका गठ्ठ्याची सुतळी कापून अंगणाबाहेर गंजी रचत होते. एकटेच, दुखऱ्या गुडघ्यांनी.

"बाबा, बांधलेलं काहून सोडून राहिले?" प्रशांतने थकलेल्या आवाजात विचारलं.

"अंदर ओलं असन तं?"

मी दोन-चार गठ्ठ्यांत हात घालून पाहिला. खडखडीत कोरडे. तसं सांगितलं, तर मामांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. प्रशांत गेल्यावर मात्र म्हणाले, "मले माहीत हाय गा. पण शेडमधलं कोणाले दिसते? गंजी रस्त्यावरून दिसते. थे उभी हाय तवरिक बैल इकाचं नाव कोणी काढत नाही."

मग मीही खालून गवत फेकू लागलो. गंजी एका अंगाला कलली. त्याबद्दल शिव्या मलाच बसल्या.

परवा गेलो होतो. प्रशांतने गावभर सांगून ठेवलंय, गंजी सरली की बैल विकणार. गिऱ्हाईक ठरलं आहे. ते सारखं फोन करून गंजी किती उरली विचारतं. मामांना नेलं त्या दिवशी ती अर्धी होती. अजून अर्धीच आहे. गोठ्यात डोकावलो, तर बैलांपुढे तुरीचं कुटार, म्हणजे भुसकट, तेही शेजारून विकत आणलेलं.

प्रशांत उगाच गंजीभोवती एक चक्कर मारून आला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं, जरा वाजू दिला, मग उचलला.

"नाही गा," तो म्हणाला, "अजून बहुत बाकी हाय."