कापलेला पूर्वस

उंदराच्या मेंदूचा वास ज्याने घेतला नाही, त्याने मला घाण म्हणजे काय ते शिकवू नये. प्रयोगशाळेत माझं रोजचं काम तेच. मेंदू काढायचा, बर्फावर ठेवून वाटायचा आणि त्या गुलाबी चिखलातून एक प्रथिन शोधायचं. एकदा तिथून थेट तारकर्लीला गेलो, तर वाळत घातलेल्या बांगडा माशांनी कूस बदलली. खोटं वाटत असेल तर बांगड्यांना विचारा.

त्याच वासासकट देवगडजवळ आमच्या गावी गेलो. काका काकीला ओळखेनासे झाले होते. काकीने मला खळ्यातच गाठलं.

"तू मेंदवाचा शिकलंस मां? मग सांग, ह्येंका झाला काय?"

मी शहाणपणा केला. "पेशींवर एक पूर्वज प्रथिन असतं. ते भलत्या जागी कापलं गेलं, की त्याचे चिकट तुकडे मेंदूत साचतात." नुसतं 'मूळचं प्रथिन' म्हणालो असतो तर माझी जीभ झडली असती काय?

"पूर्वस कापलो? कोणी रे मेल्या?"

आमच्याकडे पूर्वस म्हणजे घराण्याचा मूळ पुरुष. तो कोपला, की कोंबडा द्यावा लागतो.

"पूर्वस नाय गो काकी, प्रथिन!"

"ताच ता. नाव बदलला म्हणान देणा चुकता काय?"

सकाळी शेजाऱ्याने पूर्वसाच्या दगडापुढे गाऱ्हाणं घातलं. "भलत्या जागी कापलेलो पूर्वस सांधून घे, आनि ह्या बायच्या घोवाक बायलेची वळख दी रे म्हाराजा!" 'व्हय म्हाराजा' म्हणायला उभा कोण, तर मी, विज्ञानाचा पदवीधर. असा ओरडलो, की विजयदुर्गाच्या तटावरची कबुतरं उडाली.

दुपारी माझ्या पानात पूर्वसाला दिलेल्या कोंबड्याची मुंडकी आली. चोच उघडी, रश्शात बुडालेला डोळा माझ्यावर.

"मेंदवाचो डॉक्टर तू. मान तुझो," काकी म्हणाली.

आजवर वाटलेले सगळे उंदीर रांगेने घशाशी आले. मी दोन बोटांनी चोच धरली, डोळे मिटले.

"मुंडकी थोरल्याची!"

काकांचा हात माझ्या पानात होता. कित्येक दिवसांत ते एवढं बोलले नव्हते. आणि खरंच होतं, आमच्या घरात थोरले म्हणून मुंडकी नेहमी त्यांचीच. त्यांनी कवटी दाताखाली फोडली आणि सुर्र करून मेंदू ओढला. आमच्या परदेशी चिमट्यांना इतक्या सफाईने तो कधी काढता आलेला नाही. पूर्वस पावला म्हणून मी मनातल्या मनात पुन्हा 'व्हय म्हाराजा' म्हटलं.

काकी मात्र पळी हातात धरून त्यांच्यासमोर बसली. "आनि मी कोण?"

काकांनी बोटं चाटली. तिच्याकडे निरखून पाहिलं आणि पाहुण्याशी बोलावं तसं अदबीने विचारलं,

"बाय, तुमी खंयच्या?"

"हयचीच," काकी म्हणाली आणि त्यांच्या पानात रस्सा वाढला. मग माझ्याकडे न बघताच,

"तुझो पूर्वस कोंबो खावन गेलो रे."