वॉर्निंगवाली मोहिनी

"स्टार्टर घडीघडी पडून राह्यला होता, तं काऊन पडते हे पाहाचं होतं. त्यात काडी काऊन खोचली?"

"पऱ्हाटीले पाणी तं चालू होतं ना?"

"होतं. आता मोटारच जयली. पाजा आता बादलीनं."

कपाशीला पाणी देणाऱ्या विहिरीवरच्या मोटारीवरून तळेगावच्या आनंदाबाई आणि त्यांचा नवरा रूपराव यांचं हे भांडण सन ब्याण्णवचं. त्यांची बारा वर्षांची मोहिनी आत मिरच्यांची देठं खुडता खुडता सगळं ऐकत होती. आईपुढे बाबांचं काही चालत नाही हे तिला ठाऊकच होतं. पण मोटार वाचवायला पडणारा स्टार्टर काडीनं अडवून त्या दिवशी बाबा खरोखर चुकले होते, आणि ते पोरीच्या डोक्यात पक्कं बसलं.

पुढे पोरगी आर्वीला गजेंद्र सरांच्या क्लासात कॉम्प्युटर शिकली. रोज एसटीनं यायची-जायची, आणि शिकता शिकता तिथेच शिकवायला लागली. सर माणूस भला, पण घाईचा. चहासुद्धा उकळी फुटायच्या आत गाळायचे.

सरांनी नागपूरच्या एका कंपनीचं काम मिळवलं होतं. कंपनीचा मोठा प्रोग्राम सी भाषेतला. तो नीट चालतो की नाही हे तपासणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे टेस्ट, आर्वीत लिहायचे आणि सीडीवर घालून शनिवारच्या नागपूर गाडीनं पाठवायचे. अशा तीनशे टेस्ट झाल्या आणि दोन हजार चारात कंपनीनं नवा कंपायलर घेतला. कंपायलरचं काम आपलं लिहिणं मशीनला समजेल असं करून देण्याचं. साफ चुकलं तर तो अडवतो, शंका आली तर वॉर्निंग देतो. जुना मुकाट काम करायचा. हा नवा मात्र पंगतीत प्रत्येकाच्या ताटात डोकावणाऱ्या म्हातारीसारखा. तीनशे टेस्टमागे तीनशे वॉर्निंग, आणि तक्रार एकच, एक्झिटची.

कंपनीनं फोनवर सांगितलं, शनिवारच्या सीडीत एकही वॉर्निंग नको, नाहीतर काम नागपुरातच करून घेऊ. काम गेलं तर मोहिनीला घरी बसावं लागणार होतं. रूपरावांनी दोन स्थळं पाहूनही ठेवली होती, आणि तिला एवढ्यात दोन्ही नको होती.

सर म्हणाले, "मोहिनी, वॉर्निंग बंद कराचा एक स्विच असते. तो लाव अन् मोकळी होय. प्रोग्राम तं चालून राह्यला ना?"

"आमच्या बाबानं मोटारीले असंच केलतं, सर."

"मंग?"

"मंग काय, नवी मोटार."

एक्झिट म्हणजे प्रोग्रामचं काम संपवून बाहेर पडणं. जाताना त्यानं एक आकडा सांगून जायचं. शून्य म्हणजे सगळं ठीक, एक म्हणजे बिघडलं. त्यावरून टेस्ट पास की नापास ते ठरतं. हे एक्झिट कसं वापरायचं त्याचे नियम एका ठरलेल्या फाइलीत असतात, आणि त्या फाइलीचं नाव टेस्टच्या डोक्यावर घालावं लागतं. आर्वीत ते कोणी घालतच नव्हतं. सरांच्या झेरॉक्स नोट्समध्ये त्याऐवजी एक हातची ओळ होती, एक्झिट आणि पुढे रिकामा कंस. दहा वर्षं पोरं ती ओळ लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखी आधी लिहायची आणि मग कामाला लागायची.

मोहिनीनं एकेका टेस्टमधून ती ओळ काढली आणि फाइलीचं नाव घातलं. लाइट गेली की झालेल्यांची यादी कागदावर करायची. शुक्रवारी दुपारपर्यंत दोनशे एकोणनव्वद साफ झाल्या. उरलेल्या अकरा मात्र आता चालेचनात.

"पाह्य," सर म्हणाले, "बऱ्या होत्या त्याही बिघडवल्या."

तिनं अकराही उघडल्या. त्या सगळ्या काहीच आकडा न सांगता बाहेर पडत होत्या. रिकामा कंस आकडा मागत नव्हता म्हणून ते आजवर खपून जात होतं, आणि मशीनमध्ये पडलेला कुठलाही आकडा त्यांचा निकाल ठरत होता. सकाळी पास, संध्याकाळी नापास होणाऱ्या त्याच या अकरा. सर वर्षभर आर्वीच्या व्होल्टेजला शिव्या घालत होते.

"म्हंजे व्होल्टेजचा दोष नोयता?"

"नाई सर. आपल्या नोट्सचा."

"माह्या नोट्सचा, असं म्हण ना सरळ."

तिला हसू लपवता आलं नाही. तिनं अकरा ठिकाणी आकडे घातले आणि पुन्हा चालवल्या. सात पास झाल्या. चार दर वेळी नापास.

"नापास पाठवाच्या?" सरांचा चेहरा पडला.

"वॉर्निंग नको म्हणले ते. नापास नको, असं कुठं म्हणले?"

सीडीसोबत तिनं चिठ्ठी लिहिली: या चार टेस्ट बरोबर आहेत, तुमचा प्रोग्राम तपासा.

मंगळवारी फोन आला. कंपनीची माणसं दोन महिने जो बिघाड शोधत होती तो त्या चारांनी दाखवला होता. काम आर्वीतच राहिलं. रूपरावांनी एका स्थळाला नकार कळवला. दुसऱ्यानं तोवर दुसरीकडे साखरपुडा उरकला होता. सरांनी जुन्या नोट्सचा गठ्ठा चहावाल्याला दिला आणि नव्या नोट्स मोहिनीकडून लिहून घेतल्या.

दोन हजार आठ साली क्लासात ब्रॉडबँड आलं. सोमवारपासून काम तारेतूनच जाणार होतं. त्या शनिवारी मोहिनीनं सीडी पेपरात गुंडाळली, दोरा बांधला आणि डेपोत जाऊन नागपूर गाडीच्या चंद्रभान कंडक्टरच्या हातात दिली.

"ऊन लागू देजा नोका, भाऊ."

"दर शनिवारी सांगतं वो तू," म्हणत त्यानं ती पिशवीत टाकली आणि घंटी मारली. मोहिनी तीनच्या बॅचसाठी क्लासकडे निघाली.