मागचं आधी

तोलकाकांच्या घरी पाहुण्याला हवं तिथे बसायची सोय नव्हती. दोन जाडजूड माणसं कोचाच्या एकाच टोकाला टेकली, की काका बेचैन. 'तुम्ही जरा इकडे सरका बघू,' असं म्हणून एकाला हलवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. बायको कपाळाला हात लावायची. 'अहो, कोच आहे तो. उडायचा नाहीये.'

त्यांचा तरी काय दोष? उभा जन्म मालवाहू विमानं भरण्या-उतरवण्यात गेला. लोकांना वाटतं, विमानाचा तोल आकाशातच जातो. तो जमिनीवरही जातो. पुढचा माल काढला आणि शेपटीकडचा तसाच राहिला, तर एवढं मोठं धूड चक्क मागे बसतं. म्हणून भरताना सुरुवात पुढून, उतरवताना मागून. शिवाय शेपटीखाली टेकू, आणि नाकाखालच्या चाकाशी एक माणूस. चाकावरचा चकचकीत दांडा जास्त बाहेर यायला लागला, की नाक हलकं झालं असं समजायचं आणि ओरडायचं, 'थांबा!' ही काकांची नोकरी.

बायको लग्नाआधी त्याच गोदामात वजनकाट्यावर होती. ती पेटीचं वजन सांगायची, काका पेटीची जागा. एकदा ती काट्याशी कशावरून तरी हसली, काका दांडा सोडून तिच्याकडे बघत राहिले, आणि माणसांनी घाईत पुढचा माल आधी उतरवला. टेकू नेमका दुरुस्तीला गेलेला. विमानाने सावकाश नाक वर केलं आणि शेपटी जमिनीला टेकवली. कुणाला खरचटलंही नाही, पण साहेबांनी काकांना असं फैलावर घेतलं, की सगळं गोदाम हातातलं काम टाकून ऐकत होतं.

संध्याकाळी ती म्हणाली, 'माझ्यापायी एवढी बोलणी खाल्लीत. आता लग्न तरी करा.'

पुढे संसारात कुठलंही भांडण झालं, की ती हाच विषय काढायची. 'मी हसले तर विमान बसतं, जरा जपून.' मग भांडण कसलं टिकतंय? फार गोड दिवस होते ते. काकांना त्या दिवसांची सारखी आठवण यायची, आणि आताशा ती ऐकायलाही कुणी नव्हतं.

कारण बायको गेली. त्यानंतर काकांनी मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं, ते पुन्हा उघडलं नाही. तिचे कपडे, कपाट, शिवणयंत्र, सगळं आत. लेक म्हणायची, 'बाबा, एकदा आवरून टाकू या.' काका म्हणायचे, 'बघू.' आज मात्र 'बघू' म्हणायची सोय उरली नव्हती. ते लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते आणि संध्याकाळपर्यंत घर रिकामं करून द्यायचं होतं.

ट्रक दाराशी लागला. सामान नेणाऱ्या माणसांनी पुढच्या खोलीतला कोच उचलला, तशी काकांनी हाक दिली, 'थांबा! मागचं आधी.'

'आजोबा, हे दारातलं काढलं तर वाट मोकळी होईल,' एक जण म्हणाला.

'मागचं आधी,' काका पुन्हा म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. जन्माची सवय तोंडातून निघून गेली होती. सगळे बंद दाराकडे बघत उभे राहिले. शब्द फिरवता आला असता. पण सगळं घर रिकामं आणि ती एकच खोली भरलेली, अशी वेळ आली तर आपल्याला उभं राहवणार नाही, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कडी काढली.

'बाबा, तुम्ही बाहेर बसा. मी करते सगळं,' लेक म्हणाली.

'नको. तू दारात उभी राहा. माझ्याकडे लक्ष ठेव. मी कलतोय असं वाटलं, तर थांबा म्हण.'

कपडे गेले, कपाट गेलं. काका भिंतीला न टेकता उभे होते. माणसांनी शिवणयंत्र उचललं, तसा त्याच्या खणातून तिचा चष्मा खाली पडला. काकांनी तो उचलला, काचा सदऱ्याला पुसल्या, आणि पुसतच राहिले.

'थांबा,' लेक म्हणाली.

माणसांनी यंत्र खाली ठेवलं. लेकीने येऊन काकांचा दंड धरला. इतके दिवस कोरडे राहिलेले काका तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. कुणी घाई केली नाही.

मग त्यांनी चष्मा खिशात घातला आणि नाक पुसलं.

'उचला आता,' ते म्हणाले. 'आणि यंत्र ट्रकमध्ये अगदी मधोमध ठेवा. जड आहे.'