तपकिरी कागदातली तंबाखू

काटेवाल्यांना चौकशीचा आजार आहे, असं त्यांची बायको म्हणायची, आणि तिचं निदान सहसा चुकत नसे. वस्तू दुरुस्त झाली की बाकीच्या कारागिरांचं काम संपतं. काटेवाल्यांचं तिथून सुरू व्हायचं. तराजू घेऊन आलेल्या माणसाला ते स्टुलावर बसवून घेत आणि विचारत, काटा कुठे ठेवता, कोण वापरतं, माल कुठल्या हाताने टाकता, खिडकी उघडी असते का. "अहो, बिघडलाय काटा, तुम्ही मला कशाला तपासताय?" असं एका औषधवाल्याने वैतागून विचारलं होतं. त्यावर काटेवाले म्हणाले होते, "काटा आपणहून बिघडत नाही."

राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. मधल्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन. ती शाळांचे गणवेश शिवायची. मधलं दार कायम उघडं, त्यामुळे दोघांचा संसार अर्धा बोलून आणि अर्धा ऐकून चालला होता. दुकानात पूर्वी तराजूंची रांग लागायची. आता बहुतेक काटे बॅटरीवर चालतात आणि बिघडले की फेकले जातात. उरले ते औषधवाले, सोनार, प्रयोगशाळेतली दोन माणसं आणि ज्यांना जुनं फेकवत नाही असे काही हट्टी लोक.

काम करताना काटेवाल्यांच्या तोंडात पाइप असे. पाइपात तपकिरी कागदाच्या पुडक्यातली तंबाखू. दुकानात मिळणारी सगळ्यात स्वस्त. पुडक्यावर चित्र नाही, नाव छापलेलं पण शाई अशी पुसट की वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. वास वाळक्या गवताचा. काटेवाले उमेदवारी करत होते तेव्हापासून हीच ओढत होते.

एका सोमवारी तंबाखूच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी पुडकं पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "काटेवाले, ही आता बंद. कारखान्याने सोडली बनवायची. आत एक मोठं खोकं पडलंय. शनिवारी घाऊकवाल्याची गाडी येईल, तिच्यातून परत पाठवणार आहे. हवं असेल तर अख्खं घ्या. सुटं ठेवायला मला जागा नाही."

"आणि नको असेल तर?"

बाईंनी मागच्या काचेच्या कपाटाकडे मान वळवली. तिथे गोल डबे ऐटीत उभे होते. "मग यातलं काहीतरी. सगळे शेवटी इकडेच येतात. तुम्हीच काय ते अडून बसलात."

प्रश्न वरवर सोपा. पण खोकं घ्यायचं म्हणजे पुढची कित्येक वर्षं हेच ओढायचं, असं आज ठरवायचं. न घ्यावं तर ही चव पुन्हा कधी मिळणार नव्हती. आणि घरी येता येता काटेवाल्यांच्या ध्यानात आलं की ही तंबाखू आपल्याला आवडते का, हे आपण स्वतःला कधी विचारलेलंच नाही. इतकी वर्षं लोकांची उलटतपासणी घेतली आणि घरचाच साक्षीदार राहून गेला.

शंकेचं मूळ होतं मेहुण्यात. बायकोचा धाकटा भाऊ बोटीवर इंजिनिअर. मागच्या खेपेला त्याने भारी तंबाखूचा एक डबा आणला होता आणि जेवणाच्या टेबलावर तो ठेवून म्हणाला होता, "भावोजी, ही ओढून बघा. तुमचं ते गवत हिच्या पासंगालाही पुरणार नाही."

"मला माझी आवडते."

"आवडते असं वाटतं तुम्हाला. तेव्हा तेवढीच परवडत होती, तिची सवय लागली. आता दिवस बरे आलेत, पण जीभ तिथेच बसून राहिलीय."

"तू जेवायला आलायस की व्याख्यान द्यायला?" बहिणीने भावाला झापलं, आणि विषय तिथेच थांबला. डबा न उघडता कपाटात गेला. बोलणं मात्र कुठे गेलं नाही. मेहुणा खरा असेल तर खोकं विकत घेणं म्हणजे जुन्या तंगीचा साठा करून ठेवणं. खोटा असेल तर काटेवाल्यांना ते शनिवारच्या आत कळायला हवं होतं.

काटा खरा की खोटा, हे ठरवायची एक जुनी रीत आहे. दांडी सरळ दिसली म्हणून भागत नाही. डाव्या पारड्यातलं उजवीकडे टाकायचं, उजव्यातलं डावीकडे. तरीही दांडी सरळ राहिली तर काटा खरा. काटेवाल्यांनी डबा काढला, दोन पाइप घेतले आणि मधल्या खोलीत गेले.

"हे दोन्ही भरून दे. कशात काय घातलंस ते मला सांगू नकोस."

"मी? पांढरे सदरे आहेत माझ्या मांडीवर."

"मग हात धू."

"आधी धुवू की नंतर?" बायको कुरकुरत उठली. पण तिलाही उत्सुकता होतीच. डावं-उजवं करत तिने दोन्ही पाइप भरले.

काटेवाले खुर्चीत मागे टेकले, डोळे मिटले, पहिला पाइप ओढला, मग दुसरा. कुठला कुठला हे पहिल्याच झुरक्याला कळलं, त्यामुळे डोळे मिटण्यात अर्थ राहिला नाही. तरी ते प्रामाणिकपणे ओढत राहिले. दुसऱ्यात आधी सुक्या मनुक्यासारखं काही आलं, मग करपू घातलेल्या साखरेसारखं, मग ओलं लाकूड. जिभेला कुठे चटका नाही. पहिल्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत गवत, आणि तळाशी जरा झोंबणं.

"डब्यातली चांगली आहे," ते म्हणाले.

"म्हणजे आमचा भाऊ बरोबर?"

"तुझा भाऊ बरोबर."

बायकोने सुई खाली ठेवली. असं वाक्य या घरात पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं.

खरं तर इथे निकाल लागला होता. पण काटेवाल्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, तर तो तपकिरी पुडक्याकडे गेलेला. चांगली कुठली ते कळलं, तोंडाने कबूलही केलं, आणि हात तिसरंच काही करत होता. मेहुणा म्हणाला तशी ही सवय असेल? ते पुडक्याकडे बघत बसले.

"एक विचारू?" बायको म्हणाली. "मघाशी ओढत होतात तसं तुम्ही कधी ओढता का? मागे टेकून, डोळे मिटून, हात मांडीवर? मला तर वाटलं, छातीत दुखतंय की काय."

काटेवाले चपापले. काटा जिथे वापरायचा तिथेच तपासावा, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत आले होते. आणि स्वतःची तपासणी त्यांनी अशा जागी केली होती, जिथे ते वर्षातून एकदाही बसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातली तंबाखू भरून काम सुरू केलं. औषधवाल्याचा नाजूक काटा होता. दांडी ज्या छोट्या पोलादी धारेवर तोलली जाते, ती धार बोथट झालेली. ती दगडावर हलक्या हाताने घासायची. पण तंबाखू दमट, सारखी विझायची. दाबा, पेटवा, पुन्हा दाबा. पेटली की इतकी सुरेख लागायची की मनुके संपून साखर कधी येते याची वाट बघणं आलं. साखर आली तेव्हा धार हवी त्यापेक्षा जास्त घासली गेली होती. ती टाकून नवी करावी लागली आणि दुपार त्यातच गेली. काटेवाल्यांनी तंबाखूला बोल लावला नाही. पाहुणा चांगलाच होता. पण घरात पाहुणा असला की काम होत नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तपकिरी पुडकं. नवी धार बसली, दांडी स्थिरावली, पारडी टांगून झाली. पाइप खाली ठेवताना बघितलं तर आत राख. यातला एक झुरकाही त्यांना आठवेना. हे भलतंच निघालं. जी गोष्ट केल्याचंही आठवत नाही, ती आवडते असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? ते उठून दारात उभे राहिले आणि बायकोला तसं विचारलं.

मशीन थांबलं. "झालं का गाणं?"

"कसलं गाणं?"

"आत्ता गुणगुणत होतात ते."

"मी कधी गुणगुणत नाही."

"पाइप दातात धरून, नाकातून. रोज. काल तेवढे गप्प होतात."

"कधीपासून हे?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून तरी ऐकतेय. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"कुठलं गाणं असतं?"

"त्याला चाल असती तर ओळखलं नसतं का मी?" असं म्हणून ती जी हसायला लागली ती थांबेना.

काटेवाल्यांनी उरलेला दिवस स्वतःला गुणगुणताना पकडण्यात घालवला. कान दिला की सगळं शांत. पाइप होता, गवत होतं, गाणं नव्हतं. मग एका सोनाराचा काटा आला, त्याची दांडी वाकली कशी या विचारात ते गुंतले, आणि थोड्या वेळाने मधल्या खोलीतून बायको ओरडली, "आत्ता! आत्ता चाललंय बघा!" तोवर अर्थात ते थांबलं होतं.

शनिवारी काटेवाले हातगाडी घेऊन तंबाखूच्या दुकानात गेले. घाऊकवाल्याची गाडी दारात उभी होती.

"घेताय?" बाईंनी विचारलं. डब्याची गोष्ट काटेवाल्यांच्या बायकोकडून त्यांच्या कानावर आली होती. "म्हणजे मेहुण्याचा डबा पसंत नाही पडला."

"पसंत पडला. फार चांगली तंबाखू आहे, हिच्यापेक्षा कितीतरी चांगली."

"मग हे खोकं कशाला नेताय?"

काटेवाले सांगायला लागले, मनुक्यांपासून. बाईंनी साखरेपर्यंत ऐकून घेतलं आणि हात वर केला. "राहू द्या. घरी विचारलंत तरी का? एवढं खोकं ठेवणार कुठे?"

"तिनेच पाठवलंय. म्हणाली, परवा दिवसभर घर फार शांत होतं."

बाईंना त्यातलं काही उमगलं नाही. त्यांनी गाडीवाल्याला खूण करून जायला सांगितलं आणि खोक्याची एक बाजू धरली.